फोटोतली माशी

१२ फेब्रुवारी

प्रिय किडेबाई,

सोबत एक फोटो आहे. मागच्या अंगणातली कोथिंबीर मी मुद्दाम फुलावर सोडली, तर तिच्यावर हे प्रकरण रोज हजर असतं. अंगावर पिवळे-काळे पट्टे, आकार मधमाशीएवढा. हवेत एका जागी टांगल्यासारखं उभं राहतं आणि मग एकदम बाजूला सरकतं. मी कॅमेरा नाकाला लावून बराच वेळ ओणवा होतो, कंबर अजून बोलते आहे. कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याने मोठा करून दिला, तरी मला पट्टे तेवढे दिसतात, बाकी सगळं धुकं. तू संग्रहालयात दिवसभर मेलेल्या माश्यांना चिठ्ठ्या लावत बसतेस, तर आता या एका जिवंत माशीची ओळख पटवून दे. मधमाशी असेल तर मी जरा लांब बसेन.

आता खरी बातमी. हातातलं काम खाली ठेव. तुझी मावशी परत आली.

हो, तीच. गेल्या आठवड्यात फाटक वाजलं असावं. मला कसलं ऐकू येतंय, बोका उठून दाराकडे गेला म्हणून मी त्याच्या मागोमाग गेलो. दारात पिकल्या केसांची एक बाई, हातात बॅग. म्हणाली, "दादा, मी आले." आणि मी काय विचारावं? "कोण पाहिजे आपल्याला?" सख्ख्या धाकट्या बहिणीला! तिला दोनदा ओरडून सांगावं लागलं. मला इतकी लाज वाटली की चहा करताना मी साखरच विसरलो.

ती घर सोडून गेली तेव्हा विशीत होती आणि तू नुकती बोलायला लागली होतीस. आमच्या बाबांशी भांडून गेली ती गेलीच. चाळीस वर्षांत एक ओळ नाही. तुझ्या आईने शेवटपर्यंत तिची वाट पाहिली, म्हणून तिच्या वाटचा आनंदही मीच करून घेतोय. तिला सगळं आठवतं, बाबांचा राग, हिरवी ट्रंक, आईचं शिवणयंत्र. मला मात्र तिचा चेहरा धड दिसत नाही की आवाज धड ऐकू येत नाही. बहीण आली ती माझं यंत्र बिघडल्यावर. तुला तर ती आठवणारच नाही. तुला "मावशी" म्हणता यायचं नाही, "माशी" म्हणायचीस, आणि ती तुला खांद्यावर घेऊन गुंऽऽ करत घरभर पळायची. तुझ्या नशिबी हा धंदा तेव्हाच लिहिला गेला असणार.

बाकी सगळं ठीक. बोका जाड झालाय. मागच्या वेलीला यंदा चांगली काडी लागली आहे, रोज दोन-तीन तरी उतरवतो.

तू वाचायला शिकलीस तेव्हापासूनचा आपला नियम मी मोडलेला नाही. पत्रात एक चूक मुद्दाम ठेवली आहे. ती तुला सापडली नाही, तर छापखान्यात मी जन्मभर मुद्रितं तपासली आणि घरात एक भाची मात्र तयार करता आली नाही, असं म्हणेन.

तुझा
मामा


२० फेब्रुवारी

प्रिय मामा,

मावशी! मी पत्र उभ्याउभ्याच वाचलं आणि इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या टेबलावरच्या फुलपाखरूवाल्या बाईंच्या हातून टाचणी पडली. कोणी गेलं का, म्हणाल्या. म्हटलं, नाही हो, गेलेलं माणूस आलं. आई हवी होती रे आत्ता. मला मावशीचा चेहरा अजिबात आठवत नाही. खांदा तेवढा आठवतो, आणि पाय अधांतरी असल्याची मजा. तिचा एक फोटो पाठव ना, समोरून, उजेडात. मला तिला नीट बघायचंय.

वेलीला काडी लागली म्हणे! घर पेटवतोस का? काकडी, मामा. एक "क" गाळलास. अगदीच सोपं ठेवलं होतंस, म्हातारा झालास.

आता तुझं प्रकरण. ती मधमाशी नाही, फुलमाशी आहे. मधमाशीचा नुसता पोशाख घातलाय. आमच्या धंद्यात रंग शेवटी बघतात, कारण रंग सर्रास खोटं बोलतो. आधी बघायचे पंख. मधमाशीला चार, माशीला दोन. मग डोळे. हिचे डोळे सगळं डोकं व्यापून बसलेत. मग मिशा, हिच्या आखूड आहेत. हिला नांगी नाही, चावता येत नाही. पट्टे बघून पाखरांनी घाबरावं आणि आपल्याला कोणी हात लावू नये, एवढ्यासाठी सगळं सोंग. निरुपद्रवी आहे, राहू दे बागेत. अर्थात फोटोवरून दिलेली ओळख नेहमी "बहुधा" असते. पक्कं सांगायचं तर नमुना हातात हवा.

बागेत फुलमाश्या आहेत म्हणजे सगळं ठीक चाललंय. कधी निळी-हिरवी, धातूसारखी चमकणारी माशी घोळक्याने दिसली तर मात्र खाली काय आहे ते बघ. घूस किंवा उंदीर मरून पडलेला असतो. आपल्या नाकाला कळण्याच्या कितीतरी आधी तिला कळतं, वीतभर मातीखाली असला तरीसुद्धा. तिची ओळख मी डोळे झाकून देईन.

मावशीला माझा पापा. बोक्याला कमी खायला घाल.

तुझी
किडेबाई


२४ मार्च

प्रिय किडेबाई,

उत्तराला उशीर झाला, कारण मी पडलो. मागच्या पायऱ्या नुकत्या धुतल्या होत्या, साबण तसाच राहिला होता, आणि मला नेमकं तेव्हाच अंगणात जायचं होतं. डावा पाय प्लास्टरमध्ये आहे. आता खिडकीपाशी खुर्ची, खुर्चीत मी आणि माझ्या मांडीवर बोका. तुझं मागचं पत्र उशीच्या खोळीत ठेवलंय, वाटलं की काढून वाचतो.

धाकटी सगळं बघते. घराच्या किल्ल्या तिच्याकडे, टपालही तिच्याकडे. माझं पत्र पेटीत टाकण्याआधी ती एकदा वाचूनही काढते. म्हणते, "दादा, तू जन्मभर दुसऱ्यांचं तपासलंस, आता तुझं मी तपासते." तुझी फोटोची फर्माईश तिला सांगितली, पण तिला फोटोचं वावडं आहे. सोबतचा माशीचा फोटो मी खिडकीतूनच काढला आहे. त्यात मागे दोरीवर कपडे वाळत घालताना ती पाठमोरी आली आहे. तेवढ्यावर भागव.

आता माशीबद्दल लिहितो. तू म्हणालीस, सोंग घेतलेली आहे पण निरुपद्रवी. मला आता तसं वाटत नाही. माशी बागेतून घरात आली आहे. सकाळी माझ्या आधी उठते. मी जेवायला बसलो की समोर बसून माझे घास मोजते. कपाटाभोवती घोटाळते. घराचे कागद माझ्यापुढे आले की नेमकी सहीच्या जागेवर येऊन बसते. माझ्या दुधाच्या पेल्यात ती काय करते कोण जाणे, हल्ली दूध कडू लागतं आणि प्यायलं की दुपार कुठे गेली त्याचा पत्ता लागत नाही. मी पायरीवर पाय ठेवला तेव्हाही माशी अगदी माझ्या पाठीशी होती. धाकटी म्हणते, तुला भास होतात. होतही असतील.

एक गंमत सांगतो. परवा धाकटी खोलीत झाडत होती. मी मोठ्याने हाक मारली, "माशी!" तिने चटकन इकडेतिकडे बघितलं आणि फडका उचलला. भिंतीवर, काचेवर, दिव्याच्या वाटीत शोधत राहिली. शेवटी मीच म्हटलं, "राहू दे, उडाली." त्यानंतर मला जेवण गेलं नाही.

फोटोवरून ओळख "बहुधा" असते, असं तू म्हणतेस. माझी खात्री होत आली आहे, पण माझे डोळे हे असे. तूच येऊन प्रत्यक्ष बघ. लवकर जमव.

चुकीचं सांगायचं राहिलंच. या पत्रात चूक एकच आहे, पण पुन्हा पुन्हा केली आहे. एक अक्षर गळलंय. नीट शोध, बाळ.

तुझा
मामा


२ एप्रिल

प्रिय मामा,

पाय मोडलास आणि महिनाभर कळवलं नाहीस! मला इतका राग आलाय की आधी तो ओकते आणि मग काळजी करते. तुला हजारदा सांगितलं होतं, त्या पायऱ्यांना कठडा लावून घे. मावशी आली नसती तर तू तिथेच पडून राहिला असतास. नशीबच म्हणायचं की ती वेळेवर आली.

आता तुझी माशी. सगळं पत्र मी दोनदा वाचलं आणि डोकं खाजवत बसले, कारण फुलमाशी यातलं काहीच करत नाही. ती ऊन वर आल्याशिवाय हलत नाही, त्यामुळे तुझ्या आधी उठणं शक्य नाही. दुधात तिला रस नाही. कागदावर बसून ती काय करणार? तू दोन-तीन निराळ्या माश्यांची गल्लत करतोयस. जेवणावर आणि दुधावर येते ती घरमाशी. तिच्यासाठी एकच उपाय, पेल्यावर झाकण. आणि कडू लागलेलं दूध प्यायचं नाही, सरळ ओतून टाकायचं, कितीही जीव हळहळला तरी. मावशीने फडका घेतला ते बरोबरच केलं, पण फडक्याने माशी मरत नाही, तिला तो लांबून येताना दिसतो. खिडकीला जाळी लावून घ्या.

नवा फोटो हललाय. पंखसुद्धा मोजता येत नाहीत. मावशीची पाठ आणि एक कोपर तेवढं दिसतंय. काय गं मावशी, हे तू वाचत असशीलच, एवढी कसली लाजतेस? भाचीला तोंड दाखव की.

आणि मामा, मी हरले. चूक सापडत नाही. ओळीखाली पट्टी धरून वाचलं, शेवटी आमच्या भिंगाखालीसुद्धा धरलं. सगळे शब्द धडधाकट आहेत. पुन्हा पुन्हा केलेली चूक म्हणतोस आणि मला एकदाही दिसत नाही, म्हणजे कमाल झाली. कुठलं अक्षर गाळलंस आणि कुठून, ते आता तूच सांग. रात्रंदिवस तेच डोक्यात आहे.

इथे नव्या दालनाचं काम चाललंय, महिनाअखेरपर्यंत हलता येत नाही. ते झालं की लगेच निघते. तोवर मावशीचं ऐक.

तुझी
किडेबाई


११ एप्रिल

प्रिय भाची,

मामा सांगतो आहे आणी मी लिहून घेते आहे. हात दुखतो म्हणून स्वतः लिहीत नाही. पाय बरा होत आहे. झोप चांगली लागते आणी जेवण पण ठीक आहे. तुझी मावशी माझी खूप सेवा करते, तिच्यामुळेच मी आहे. तू काळजी करू नकोस.

अक्षराचं तू विचारलंस. तसं काही नाही. वय झालं, काहीबाही सुचतं आणी लिहितो. माशीचं पण तसंच. जाळी लावली आहे.

तुझं काम महत्त्वाचं आहे, ते सोडून एवढ्या लांब येऊ नकोस. बरं वाटलं की मी स्वतः लिहीन.

मामा


१७ एप्रिल

प्रिय मामा,

तुला "आणी" चालला? तीन वेळा? माझ्या लग्नाच्या पत्रिकेत छापखान्याने एक वेलांटी चुकवली, तेव्हा सगळा गठ्ठा तू परत पाठवला होतास. मावशी, तुझ्यावर राग नाही, चाळीस वर्षांत लिहायची सवय सुटली असेल. पण तो शेजारी बसून सांगत होता ना? मग त्याने तुला वाचून दाखवायला लावलं नाही? हात दुखत असला तरी जीभ दुखत नाही त्याची, आणि शुद्धलेखनाच्या बाबतीत तर कधीच दुखली नाही.

आणि "प्रिय भाची"? मी याआधी कधी भाची होते?

मामा, मला तुझ्या हाताची एक ओळ पाठव. वाकडीतिकडी चालेल. काही लिहू नकोस, नुसतं "किडेबाई" लिही. पाय मोडला आहे, हात नाही. मला दोन दिवसांपासून काम सुचत नाहीये. माझ्याच हातून काहीतरी सुटतंय असं वाटतंय आणि ते काय, ते हाताला लागत नाही. मी रजेचा अर्ज टाकलाय. दालन राहो नाहीतर जावो, दोन मेला येते.

बोका कसा आहे? या खेपेला त्याचं काहीच लिहिलं नाहीस.

तुझी
किडेबाई


२५ एप्रिल

प्रिय किडेबाई,

असंच म्हणतात ना तुला? आता चुकणार नाही. आणि "आणि"सुद्धा ऱ्हस्व लिहिलाय, बघून घे.

तुझी रजा वाया घालवू नकोस. दादाला आता आराम आहे. फार दगदग चालली होती त्याची. झोपेतसुद्धा हातवारे करायचा, हवेत अक्षरं काढायचा. मी समजावलं, दादा, खूप तपासलंस, आता डोळे मीट. थोडे दिवस आम्ही हवापालटाला जायचं ठरवलंय. पत्ता कळवीनच. तू आलीस तर दाराला कुलूप दिसेल, उगाच तुझा हेलपाटा होईल.

एक गंमत सांगू? दादाच्या पत्रातलं गळलेलं अक्षर तुला सापडलं नाही म्हणालीस. मला सापडलं. मी ते पत्र पेटीत टाकण्याआधी वाचलं होतं, तेव्हा काही लक्षात आलं नव्हतं. म्हातारा माणूस माश्यांचं लिहितोय, लिहू दे. पण तू इतकं खोदून विचारलंस, कुठलं अक्षर, कुठून, आणि मग माझ्याही डोक्यातून जाईना. तू एवढी शिकलेली, भिंग घेऊन बसणारी! मी भाजी चिरत होते आणि एकदम सुचलं. मग दादालाच जाऊन विचारलं. त्याने सगळं सांगितलं, तू लहानपणी काय म्हणायचीस ते. मी विसरलेच होते बघ. चाळीस वर्षांत माणूस किती विसरतं.

बाग साफ केली. त्या कोथिंबिरीला काही अर्थ नव्हता, सगळी काडी झाली होती. उपटून टाकली, वाफा खणून घेतला आणि वर नवी माती ओढली. कंबर मोडली, पण छान सपाट झालाय. बोक्याचं विचारलंस, तो कुठे दिसत नाही. मांजराची जात, गेला असेल कुठेतरी.

आणि हो, तुमच्या दोघांचा खेळ मोडू नये म्हणून मीही एक फोटो काढून पाठवतेय. वाफ्यावर आता नवीनच माशी येते. दहा-पंधरा तरी असतात एका वेळी. निळी-हिरवी, उन्हात काय चमकते! दादाला दाखवायला हवी होती. ही कुठली गं? घाई नाही, सवडीने कळव.

तुझी
माशी


२९ एप्रिल

मामा,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. तुझ्या पेटीत काय पडतं ते कोण उचलतं, ते आता मला माहीत आहे. गाडीत बसून लिहितेय, हातात देईन.

पाकिटातून आधी फोटो निघाला, पत्र नंतर वाचलं. फोटो बघून मला ओळख पटवायला श्वासभरही वेळ लागला नाही. डोळे झाकून देईन म्हणाले होते ना मी? उघड्या डोळ्यांनी दिली आणि खुर्चीत बसले. मग तुझं मार्चचं पत्र काढलं आणि जिथे जिथे "माशी" होतं तिथे पेन्सिलीने "व" घातला. मावशी बागेतून घरात आली आहे. मावशी माझे घास मोजते. मी पायरीवर पाय ठेवला तेव्हाही मावशी अगदी माझ्या पाठीशी होती. सगळं पत्र सरळ वाचता आलं. एकही शब्द अडला नाही.

छापखान्यात चाळीस वर्षं दुसऱ्यांची गळलेली अक्षरं शोधलेला माणूस उगाच एक अक्षर गाळेल का, एवढा प्रश्न मला पडायला हवा होता. तू तिला "माशी" म्हणून हाक मारलीस. खऱ्या मावशीने मान वळवली असती, हसली असती, कदाचित गुंऽऽ केलं असतं. या बाईने फडका उचलला. हे तू मला तिच्या नाकासमोरून लिहून पाठवलंस, आणि मी तुला काय उत्तर दिलं? फडक्याने माशी मरत नाही. मी तुझ्या माशीचे पंख मोजत बसले, मामा. वर तिलाच विचारलं, कुठलं अक्षर गाळलंय ते सांगा. मीच तिला शोधायला लावलं.

ती कोण आहे मला ठाऊक नाही. हिरव्या ट्रंकेचं, आजोबांच्या रागाचं तिला कोणी सांगितलं आणि सांगणारी मावशी आज कुठे आहे, याचा विचार करायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

निघण्याआधी कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याला फोन लावला. तो तुझ्या फाटकापर्यंत जाऊन आला. कुलूप आहे म्हणाला. बाई बॅग घेऊन गेल्या, एकट्याच होत्या. पोलीस चौकीतला माणूस आधी हसला. म्हणाला, माशीच्या फोटोवरून आम्ही कुदळ घेऊन यायचं का? मी माझं नाव सांगितलं, हुद्दा सांगितला, आणि ही माशी कशावर अंडी घालते ते सविस्तर सांगितलं. मग हसायचा थांबला. ते लोक फाटकाशी भेटणार आहेत.

मी त्यांना खरं तेच सांगितलं. माशी एवढंच सांगते की मातीखाली काहीतरी आहे. काय आहे, ते तिला सांगता येत नाही. ती माणूस बघत नाही आणि जनावर बघत नाही. मी जन्मभर हेच काम केलं आणि त्याच्यापुढचं मला काहीही कळत नाही.

तुझा बोका पिल्लू असताना मी त्याला ड्रॉपरने दूध पाजलं होतं. माझ्या ओढणीत झोपायचा. त्याच्याइतका लाड मी घरात कोणाचा केला नाही, तुझाही नाही. तोही दिसत नाही, असं ती लिहिते. गाडी सुटल्यापासून मी एकच गोष्ट मागतेय, मामा. वाफ्यात बोका असू दे.

तुझी
किडेबाई